उलटा डाग

मोंतेविदेओ, ३ मार्च १९५७

प्रिय लालो,

आधी खाली बस, मग वाच. मला गाडी चालवायचा परवाना मिळाला! परीक्षा घेणाऱ्या साहेबानं वळणावर गाडी थांबवायला लावून विचारलं, "सेन्योरा, या वयात तुम्हाला जायचंय तरी कुठं?" मी म्हटलं, "शर्यतीला." तो पोट धरून हसला आणि त्या हसण्याच्या भरात सही करून मोकळा झाला.

आन्सेल्मो गेल्यापासून त्याची फोर्ड अंगणात नुसती उभी होती. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं मला तिच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "तू रस्ता बघ, मी गाडी बघतो," म्हणायचा. आता दोन्ही मीच बघणार. ईस्टरच्या आठवड्यात सगळं शहर समुद्रावर जाईल, तेव्हा मी एकटी निघणार, मिनासवरून, त्रेइंता इ त्रेसला मुक्काम करून, पुढे तुझ्याकडे. शनिवारी पासो देल तालाच्या माळावर शर्यतीत आपला घोडा तेरो धावेल आणि मी दोरीला पोट टेकवून उभी असेन.

तुला आठवतं का रे, शर्यतीच्या दिवशी बाबा तुला, पुतण्याला, खोगिरावर पुढ्यात बसवून न्यायचे आणि मी आईबरोबर चुलीपाशी पिठाच्या तोर्ता तळत बसायचे? माळ घरापासून हाकेच्या अंतरावर. आरडाओरडा ऐकू यायचा, टापा ऐकू यायच्या, मग एकदम सगळं शांत. कोण जिंकलं ते तू येऊन सांगायचास. बाईमाणसानं माळावर जायचं नाही, म्हणजे नाही. मोठी झाले, लग्न होऊन इकडे आले, तरी मी आजवर एकही शर्यत डोळ्यांनी पाहिलेली नाही.

आणि गंमत बघ, त्याच बाबांनी जाताना घोडी माझ्या नावावर केली, जनावरांवर अर्धचंद्राची खूण उठवायची त्यांची डागणीसुद्धा. तू महिनाभर फुगून बसला होतास. पण या शहरात मी घोडी काय गच्चीवर बांधणार? म्हणून घोडी तुझ्याकडे, डागणी तुझ्या दारामागं आणि पुढे तिचं शिंगरूही तुझ्याकडेच. टिटवीसारखं ओरडतं म्हणून तूच त्याचं नाव तेरो ठेवलंस. तू वाढवलंस, तू पळायला शिकवलंस. नावावर माझा असला तरी निम्मा तुझाच आहे, हे मी शंभर वेळा सांगितलंय.

जॉकीसाठी अंगरखा शिवायला घेतलाय. बाबांचेच रंग, आभाळी अंग आणि पिवळ्या बाह्या. जॉकीचं माप पाठव.

तुझी,
ओफेलिया

पासो देल ताला, १२ मार्च

प्रिय ओफेलिया,

परवाना देणाऱ्या साहेबाला सरकारनं पदक द्यावं की हाकलून द्यावं, हे तू इथे पोचल्यावर ठरवू. अभिनंदन, बाई! काका असते तर त्यांनी हातातला माते चहाचा पेला खाली ठेवला असता.

पण खरं सांगू? त्रेइंता इ त्रेसच्या पुढे रस्ता म्हणजे नुसती माती. पाऊस आला की बैल लावून ओढून काढतात गाड्या. तू बसनं का येत नाहीस? नाहीतर असं कर, ईस्टरची गर्दी ओसरू दे, मे महिन्यात ये. तेरो काही पळून जात नाही. (म्हणजे पळतो, पण परत येतो.)

तो मजेत आहे. छाती भरलीय, डोळा असा चमकतो की आरशासारखं त्यात तोंड बघावं. सकाळी पांघरूण घालूनच बाहेर काढतो, कारण लोकांच्या नजरा वाईट. जानेवारीत मेलो शहरातून एक बडे गृहस्थ आले होते, डॉन फेर्मिन साराचागा, तुमच्या राजधानीतल्या मारोन्यास रेसकोर्सवर त्यांचा मोठा तबेला आहे. तेरोला पळताना बघून गप्पच झाले. मी म्हटलं, असं गप्प करणारा घोडा माझ्या हातून तयार झाला, यातच सगळं आलं.

जॉकीचं माप नंतर कळवतो. अजून कोण बसेल ते नक्की नाही.

तुझा,
लालो

मोंतेविदेओ, १८ मार्च

प्रिय लालो,

बसनं यायचं असतं तर परवाना कशाला काढला असता? आणि मे महिन्यात काय, नुसता माळ बघायला येऊ? घोडामैदान जवळ आलं की तू मागं सरतोस, लहानपणापासून. बाबा म्हणायचे, लालो शर्यतीच्या आदल्या दिवशी घोड्यापेक्षा जास्त घाम गाळतो.

मी जोरात तयारीला लागलेय. दुसरं चाक, दोरखंड, फावडं. माते चहाचा थर्मास सीटशेजारी बसावा म्हणून फळीला भोक पाडून घेतलंय. सोबत उकडलेली अंडी, पाव आणि क्विन्स फळाची वडी. गॅरेजवाला म्हणाला, "डोन्या ओफेलिया, रस्त्यात भीती वाटली तर?" मी म्हटलं, "गाणं म्हणीन." तो म्हणाला, "मग भीती रस्त्याला वाटेल." मेला!

रोज एकदा मनातल्या मनात सगळा प्रवास करून येते. मिनासचे डोंगर, मग सपाट रान, मग तुझं फाटक. रोज फाटकाशी आले की तू धावत येतोस. बड्या गृहस्थांना सांग, नुसतं बघायचं असेल तर खुशाल बघा, आमचा विकाऊ नाही.

माप पाठव रे. बाह्या अडल्यात.

तुझी,
ओफेलिया

पासो देल ताला, २७ मार्च

प्रिय ओफेलिया,

इथे घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं अशी गत आहे. ओढ्याला पाणी, कुंपण पडलं, म्हाताऱ्या घोडीचा खूर सुजला. पत्र लिहायला बसलो की कुणीतरी हाक मारतं.

शर्यत बहुतेक पुढे जाईल असं ऐकतोय. नक्की नाही. उगाच एवढा प्रवास करून तुझा हिरमोड व्हायला नको. तू अंगरखा शिवू नकोस अजून, किंवा शिव, पण घाई नको.

एक विचारू? मी समजा इथे नसतो, दुसरीकडे कुठे काम धरलं असतं, तर तू या जनावरांचं काय केलं असतंस? सहज मनात आलं. इथल्या माळावर गावठी शर्यती पळवून माणसाचं नाव होत नाही, ओफेलिया. मारोन्यासला ट्रेनरचं नाव फळ्यावर लिहितात.

तुझा,
लालो

मोंतेविदेओ, २ एप्रिल

प्रिय लालो,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू कंटाळलायस, आणि मी इथं बाह्यांची रडगाणी गातेय. तू तिथं एकटा राबतोस हे मला कळतं. तेरो शनिवारी जिंकला की मारोन्यासचंही बघू. त्याला इकडे आणू, तू त्याचा ट्रेनर, माझ्या मागच्या खोलीत राहा. फळ्यावर तुझं नाव लिहिलेलं मलाही बघायचंय. हे मी आधीच बोलायला हवं होतं.

शर्यत पुढे गेली तरी मी येणार. माप नाही आलं तर अंदाजानं शिवते. जॉकी सगळे चिमणीएवढेच असतात.

तुझी,
ओफेलिया

पासो देल ताला, ८ एप्रिल

प्रिय ओफेलिया,

कसं लिहू कळत नाही. तेरो गेला.

परवा संध्याकाळी पोटशूळ उठला. जमिनीवर लोळायला लागला, मी धरून चालवत राहिलो, तेल पाजलं, डॉक्टरला माणूस पाठवला. डॉक्टर यायच्या आधीच त्यानं मान टाकली. माझ्या मांडीवर. शेवटी असा बघत होता की तुला काय सांगू. ओढ्याकाठी ताला झाडांखाली पुरलं, वर दगड रचले. म्हाताऱ्या घोडीनं कालपासून चाऱ्याला तोंड लावलेलं नाही.

आता एवढ्या लांब येऊन काय करणार? ते झाड बघून तुला जास्तच त्रास होईल. तू मनाला लावून घेऊ नकोस. माझी काळजी करू नकोस.

तुझा,
लालो

मोंतेविदेओ, १२ एप्रिल

लालो, माझ्या बाळा,

दोन दिवस काही सुचलं नाही. दुकान उघडलं नाही. शेजारीण सूप घेऊन आली, तिला वाटलं घरात कुणी गेलं. मी म्हटलं, हो, गेलं.

मला सारखा तूच दिसतोस, मांडीवर त्याची मान घेऊन बसलेला. स्वतःला दोष देऊ नकोस. घोड्याच्या पोटाचं कुणी सांगू शकत नाही, बाबासुद्धा हेच म्हणायचे.

मी येतेय. शर्यत बघवणार नाही, म्हणून ती आटोपल्यावर रविवारी पोचेन. अंगरखा पुरा झालाय, तो त्या दगडांवर ठेवीन, मग आपण दोघं चुलीपाशी बसून मनसोक्त रडू. त्याच्या शेपटीचे थोडे केस काढून ठेवले असशील ना? मला हवेत.

तुझी,
ओफेलिया

पासो देल ताला, १५ एप्रिल

प्रिय ओफेलिया,

घाईत लिहितोय, बसवाला थांबलाय. केस सोबत आहेत, दोऱ्यानं बांधलेत. आता येऊ नकोस, हात जोडतो. रविवारी मी इथे नसेन, मेलोला जायचंय. पावसाचीही लक्षणं आहेत. मे महिन्यात मीच तिकडे येतो.

तुझा,
लालो

मेलो, शनिवार, २० एप्रिल

लादिस्लाओ,

आज पूर्ण नावानं हाक मारतेय, का ते पुढे वाच. हे पत्र पाववाल्याच्या हाती पाठवतेय. तो तुझ्या हातात देईल आणि उत्तर घेऊनच निघेल, तसं मी त्याला बजावलंय.

केस मिळाले. तू येऊ नकोस म्हणालास, तेव्हा वाटलं की दुःखानं वेडा झालाय, त्याला एकटं सोडायचं नाही. म्हणून एक दिवस आधीच निघाले. पावसाचा थेंब नव्हता. रस्ता कोरडा ठणठणीत, गाडी चुकूनसुद्धा कुरकुरली नाही. केस रुमालात बांधून छातीशी ठेवून मी रडत रडत एवढा मोठा रस्ता चालवला आणि तरीही, देवा, मला तो प्रवास आवडत होता. त्याची लाज वाटत होती. घोडा मेलाय आणि आपल्याला डोंगर छान दिसतायत, म्हणून.

आधी ओढ्यावर गेले. ताला झाडांखाली गाई चरत होत्या. दगड नाहीत, उकरलेली माती नाही. दुसऱ्या काठाला असेल म्हणून बूट काढून पाण्यातून पलीकडे गेले. तिथंही नाही. मग वाटलं, तुलाच विचारून घ्यावं. घरी तू नव्हतास. सगळा गाव माळाकडे चालला होता, मी गाडी त्यांच्यामागं घातली.

तू पांघरूण घातलेला घोडा घेऊन चालला होतास. नवी टोपी. लोक म्हणत होते, घोड्याचं नाव सेनादोर, डॉन फेर्मिनचा आहे. जॉकीच्या अंगावर लाल-पांढरा अंगरखा. माझ्या मनात आलं, बिचारा, स्वतःचा मेला आणि दुसऱ्याचा धरून चालवावा लागतोय. एवढी मी मूर्ख! मग तू पांघरूण काढलंस.

घोड्याच्या मांडीवर बाबांचा अर्धचंद्र. आणि त्याच्याखाली तोच अर्धचंद्र, उलटा, खपली अजून ओली.

नाव बदललंस, रंग बदलले, मला मेल्याचं पत्र धाडलंस. पण उलट्या डागाशिवाय त्या माणसानं घोडा घेतला नसता, बरोबर ना? मालकानं स्वतःच्या डागणीनं स्वतःचा डाग उलटा मारला तरच हक्क सुटतो. म्हणून तू माझ्या वडिलांची डागणी तापवलीस, तुझ्या दारामागं मी विश्वासानं ठेवलेली, आणि तिनंच त्यांचं नाव खोडलंस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

शर्यत दोनच घोड्यांची, दोन्ही जॉकींनी एकदम "चल" म्हटलं तरच सुरू. दोघंही सुटायच्या जागी पुढेमागे करत होते. एकजण "चल" म्हणायचा, दुसरा लगाम ओढायचा. माझा जीव कानात आला होता. मग दोघंही एकदम ओरडले आणि सुटले. लालो, तो असा पळतो हे तू मला पत्रात कधी लिहिलं नाहीस. मान खाली घालून, जमीन ओढून घेतल्यासारखा. मी आयुष्यात पाहिलेली पहिली शर्यत माझा घोडा जिंकला, दुसऱ्याच्या रंगात. मी "तेरो!" म्हणून किंचाळले. त्यानं कान वळवले. तूही वळून पाहिलंस. मग लोकांच्या पाठीआड लपत पळालास.

माझं ओरडणं पोलीस कमिसारियो ओलिवेरांनी ऐकलं. ते जवळ आले, घोड्याजवळ गेले, परत आले. "डोन्या ओफेलिया, डाग तुमच्या वडिलांचा. डागणी सरकारदरबारी तुमच्या नावावर. उलटा मारायला तुम्ही परवानगी दिली होती?" मी घोड्याकडेच बघत राहिले. ते म्हणाले, "उद्या ईस्टर आहे. सोमवारी चौकीत या. नाही म्हणालात तर ही जनावराची चोरी, मग मी त्याला घरून उचलतो."

डागणी मी तुझ्या दारामागून घेऊन आलेय. आता एकदाच खरं लिही. आणि ते केस कुणाचे, तेही लिही.

ओफेलिया

पासो देल ताला, रविवार, २१ एप्रिल

प्रिय ओफेलिया,

खरंच लिहितो, देवाशप्पथ.

डॉन फेर्मिन म्हणाले, राजधानीतल्या कुठल्या बाईच्या नावावरचा घोडा मला नको, भानगडी नकोत. पूर्ण द्या, मग घोड्याबरोबर तुम्हीही चला, मारोन्यासला ट्रेनर म्हणून. किंमत म्हणून मी काही घेतलं नाही, ती जागा तेवढी मागितली. ओफेलिया, माझे केस पिकले या माळावर. अशी हाक पुन्हा कोण मारणार होतं?

प्रत्येक पत्र मी खरं सांगायला म्हणूनच सुरू केलं. तुझं मागच्या खोलीचं पत्र आलं तेव्हा तोंडी सौदा आधीच झाला होता, डाग मात्र दुसऱ्या दिवशी मारला. तेव्हा थांबायला हवं होतं, पण शब्द दिला होता. मग वाटलं, विकला म्हटलं तर तू जन्मभर भांडशील. मेला म्हटलं तर रडशील आणि विसरशील. मेलेल्याला माणूस माफ करतं. तुझ्या भल्याचंच बघितलं.

केस म्हाताऱ्या घोडीचे. त्याच्या आईचेच म्हटल्यावर अगदी परके नाहीत.

तू रागावलीस, तो तुझा हक्क आहे. पण चौकीत हो म्हण. तुझ्या एका शब्दावर मी तुरुंगात जाईन, या वयात, सगळ्या गावासमोर. आपण एका ताटात जेवलोय. आणि खरं सांग, शिलाईचं दुकान असलेली तू एकटी बाई, तू तरी एवढ्या घोड्याचं काय करणार होतीस?

तुझाच,
लालो

मेलो, सोमवार, २२ एप्रिल

लादिस्लाओ,

तुझं पत्र मी हॉटेलच्या जेवणघरात वाचलं. मागच्या खोलीचं पत्र पोचलं, तू ते वाचलंस, आणि दुसऱ्या दिवशी डागणी तापवलीस. खोट्यापेक्षा मला हे जास्त लागलं. शब्द त्या माणसाला दिला होतास म्हणे. मला दिलेले शब्द काय होते?

चौकीत मी नाही म्हणायलाच गेले होते. वाटेत घोकत गेले, मी परवानगी दिली नाही, मला विचारलं नाही, मला मेला म्हणून कळवलं. तू हातात बेड्या घालून गावातून जाताना कसा दिसशील, तेही बघून ठेवलं होतं. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

कमिसारियोंनी कागद पुढे ओढला. मी सहज विचारलं, "मग घोड्याचं काय?" ते म्हणाले, "पुरावा आहे तो. निकाल लागेपर्यंत आमच्या आवारात बांधावा लागेल. न्यायाधीश सावकाश माणूस आहे, डोन्या ओफेलिया, पुढचा ईस्टरही जाईल." खिडकीतून त्यांचं आवार दिसत होतं. चिखलात पोलिसांची दोन खेचरं, ओलं गवत, हातभर दोरी. मी म्हटलं, "त्याला कुणी पळवेल का रोज?" ते म्हणाले, "इथे चोर पळाला तरच कुणी पळतं, सेन्योरा."

तीन वर्षांचा घोडा वर्षभर खुंट्याला बांधला की त्याचं काय होतं, हे तुला मी सांगायला नको.

मी त्याला एकदाच पाहिलंय पळताना. तेवढंच. पण पाहिलंय.

म्हणून मी म्हटलं, "लिहा. उलटा डाग माझ्या सांगण्यावरून मारला." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या वडिलांना मी ओळखायचो. खरं सांगताय?" मी म्हटलं, "लिहा." शिक्क्याच्या कागदावर सही केली. आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली, तीही बाबांच्या मित्रासमोर, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच माझ्या बापाचा डाग विकून आले. दारापर्यंत सोडायलाही उठले नाहीत.

आता तू मारोन्यासला जाशील, फळ्यावर तुझं नाव लिहितील. लोक मला विचारतील, ओफेलिया, एवढा घोडा दिलास? आणि मला हो म्हणावं लागेल, दर वेळी, हसून, कारण सही माझी आहे. तू सुटलास आणि तुझं खोटं माझ्या गळ्यात पडलं. मरेपर्यंत मलाच ते सांभाळायचंय.

मी घरी जात नाहीये. इथून उत्तरेला ब्राझीलच्या हद्दीपर्यंत रस्ता आहे म्हणतात, तो मला माहीत नाही, म्हणून तिकडेच निघालेय. पत्र पाठवू नकोस. शहरात आलास तर माझ्या गल्लीतून जाऊ नकोस.

मी तुला वाचवलं असं कुणाला सांगत फिरू नकोस. तेरो आणि तू एकाच दोरीला बांधलेले होतात. मला त्याला सोडायचं होतं.

ओफेलिया तेचेरा